कॉलेजच्या राणीची कुळकथा

सिंगापूरच्या उत्तर टोकाला सेम्बावांग आहे. तिथल्या जुन्या नौदल तळाच्या आवारात एक किंग्ज अ‍ॅव्हेन्यू आहे आणि एक क्वीन्स अ‍ॅव्हेन्यूही. काळ्या-पांढऱ्या रंगाचे इंग्रजी बंगले, सावलीचे रस्ते आणि पलीकडे जोहोरची सामुद्रधुनी. इंग्रजांनी 1938 साली इथं सहाव्या जॉर्जच्या नावाची प्रचंड गोदी सुरू केली. जवळच्या बराकींचं नाव होतं ‘एचएमएस टेरर’. नाव जहाजाचं असलं तरी हा तळ जमिनीवरचाच, आणि त्यात राहणारी बरीचशी पोरं कॉलेजच्या वयाची.

कॉलेजमधल्या राजा-राणीच्या स्पर्धांची कुळकथा सांगताना मी बराकीत शिरलो, याला कारण आहे. सेम्बावांगपासून विषुववृत्त दीडशेएक किलोमीटरवर. ऑस्ट्रेलियाकडे निघालेलं जहाज ती रेघ ओलांडायचं, तेव्हा नौदलाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे डेकवर दरबार भरायचा. त्रिशूळ घेतलेला नेपच्यून राजा आणि शेजारी त्याची राणी अ‍ॅम्फिट्रायटी. राणी म्हणजे कुणीतरी दांडगा खलाशी. सुताच्या नाहीतर दोराच्या बटा, छातीला बोळे, गालांना लाली. पहिल्यांदा विषुववृत्त ओलांडणाऱ्यांना या दरबारापुढं हजर करायचं, हजामत करायची आणि पाण्यात बुचकळून काढायचं. चार्ल्स डार्विनही यातून सुटला नाही. फेब्रुवारी 1832 मध्ये ‘बीगल’वर त्याच्या तोंडाला डांबर आणि रंग फासला, लोखंडी पट्टीनं खरवडला आणि मग त्याला पाण्यात उलटा केला.

या राणीला कुणी हरकत घेतली नाही. कप्तान समोर बसून हसायचा. त्याच ब्रिटिश सैन्यदलांत समलिंगी असणं हे मात्र जानेवारी 2000 पर्यंत नोकरीवरून काढून टाकायला पुरेसं कारण होतं. पुरुषानं गंमत म्हणून राणी व्हावं, टाळ्या मिळतील. मनापासून झाला तर सामान बांधावं लागेल. कॉलेजच्या मुकुटाचा इतिहास धुंडाळत गेलं की हा नियम ठिकठिकाणी आडवा येतो. कुणी तो कधी लिहून ठेवला नाही, तरी सगळ्यांना तो पाठ असतो.

आता मूळ पुरुषाकडं येऊ. कुळाचा मूळ पुरुष इथंही पुरुषच आहे. लंडनमध्ये चेल्सी भागात व्हाइटलँड्स नावाचं मुलींचं अध्यापक विद्यालय होतं, 1841 सालचं. गांधीजींवर ज्याच्या पुस्तकाचा एवढा परिणाम झाला त्या जॉन रस्किनचा या कॉलेजशी पत्रव्यवहार होता. 1881 साली त्यानं तिथं 1 मे रोजी राणी निवडायची प्रथा घालून दिली. इंग्लंडच्या खेड्यांत मे महिन्यात फुलांचा मुकुट घालून पोरीला मिरवण्याची रीत जुनीच. रस्किननं ती कॉलेजात आणली आणि तिला दोन कलमं जोडली. पहिलं कलम: राणी निवडायची ती मुलींनीच, आपसांत मतं देऊन. सगळ्यांत देखणी किंवा सगळ्यांत हुशार कोण, हे बघायचं नाही. जी सगळ्यांना हवीहवीशी वाटते, ती राणी. दुसरं कलम: राणीला रस्किनकडून सोन्याचा क्रूस मिळे आणि सोबत पुस्तकांचा गठ्ठा. क्रूस तिचा, पण पुस्तकं तिनं मैत्रिणींमध्ये वाटून टाकायची.

रस्किनची बायकांविषयीची मतं आजच्या वाचकाला गोड गोड आणि गुदमरवणारी वाटतील, मलाही वाटतात. पण या खेळात त्याच्या हातून एक वेगळीच गोष्ट घडली. पहिल्या कॉलेजराणीला निवडायला एकही पुरुष नव्हता. बाहेरून परीक्षक नाहीत, फेऱ्या नाहीत, टेप घेऊन मोजमाप नाही. बरोबरीच्या मुलींनी बरोबरीच्या मुलीला दिलेला तो मान होता.

पुढं ही प्रथा जगभर गेली, पण दोन्ही कलमं वाटेत गळाली. आपल्याकडं ती अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती समाजातून आली. रेल्वेच्या वसाहतींमधल्या इन्स्टिट्यूटांत ‘मे क्वीन बॉल’ रंगायचे. लाकडी जमिनीचा हॉल, बँड, फॉक्सट्रॉट आणि रात्री उशिरा कुणा इंजिन ड्रायव्हरच्या लेकीच्या डोक्यावर मुकुट. गोव्यात आणि मुंबईतल्या गोवेकर मंडळींच्या क्लबांतही ती रुळली. मत मुलींच्या हातून सुटलं होतं. आता निवड करायला परीक्षक होते, आणि टेबलाशी बसून पेला हलवणारे दादले.

पण आपल्या बाजूला राणीची दुसरी एक शाखा आधीपासून होती. ती जास्त गुंतागुंतीची, आणि खरं सांगायचं तर मला जास्त आवडती.

31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं, म्हणजे रस्किनच्या पहिल्या राणीच्या सहा महिने आधी. मराठी रंगभूमीवर नायिका पुरुषच करत होते. भाऊराव कोल्हटकर, आणि 1905 नंतर नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. बालगंधर्वांच्या भामिनीला, रुक्मिणीला, सिंधूला कुणी हसलं नाही. घरंदाज बायका त्यांचं नेसणं, अंबाडा, दागिन्यांची निवड बघून यायच्या आणि घरी तसं करू बघायच्या. बाईनं कसं दिसावं हे महाराष्ट्राला एका पुरुषानं शिकवलं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सिनेमा आला तेव्हाही तेच. फाळक्यांच्या 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. ते मुळात हॉटेलातले आचारी. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये त्याच साळुंक्यांनी राम केला आणि सीताही केली. राजा आणि राणी दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर, आणि थिएटरात लोक पायातले जोडे काढून बसत असं सांगतात.

कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये हीच रीत होती. नाटकात नायिका करायला नाकीडोळी नीटस, आवाजाचा गोड पोरगा शोधायचा. त्या काळी तो सन्मान असे. पुढं 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केलं आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या. बायका रंगमंचावर येणं हे योग्यच झालं, त्यात वाद नाही. पण त्याचा एक कुणी न मोजलेला परिणाम झाला. लुगडं नेसलेल्या पुरुषाला गंभीर काम उरलं नाही. तो कोकणच्या दशावतारात टिकला. तिथं आजही पुरुषच पदर सावरत राणीचा विलाप करतो आणि मांडवातल्या बायका डोळे पुसतात. शहरात मात्र तो फक्त हसवायला उरला. तमाशात ‘मावशी’ आणि ‘नाच्या’ होतेच. कॉलेजच्या स्टेजवर साडीतला पोरगा आला की शिट्ट्या पडायच्या, आणि तो जितका वाईट चाले तितकी दाद जास्त.

गॅदरिंगच्या या दिवसांत शेलापागोटेही असत, पुढं त्यांचे फिशपाँड झाले. वर्गातल्या प्रत्येकाला दोन ओळींची पदवी द्यायची. कुणाला दिलेली खोचक पदवी आयुष्यभर चिकटायची. बायकी चालीच्या मुलाला काय मिळे, ते वेगळं सांगायला नको. अनेकांच्या आठवणींतून हे डोकावतं, आणि बहुतेकदा सांगणारा ते हसत हसत सांगतो. ज्याला ती पदवी मिळाली होती त्याची आठवण छापून आलेली क्वचितच दिसते.

वसतिगृहांत तर याची पुढची पायरी होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना साडी नेसवायची, कॉरिडॉरमधून चालवायचं आणि त्यातून ‘मिस फ्रेशर’ निवडायची. नेपच्यूनचा दरबारच हा, फक्त समुद्राच्या जागी फरशी. या असल्या थट्टेचे पुढं जीव जाण्यापर्यंतचे प्रकार झाले तेव्हा कुठं 1999 साली महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा झाला. सिंगापूरलाही हा धडा उशिरानंच मिळाला. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठानं जुलै 2016 मध्ये नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताचे विद्यार्थ्यांनी चालवलेले कार्यक्रम थांबवले, कारण मुलामुलींना एकमेकांच्या अंगाशी खेळ करायला लावल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. ज्याच्यावर गंमत चालली आहे त्याला नकार देता येत नसेल तर ती गंमत राहत नाही, एवढी साधी गोष्ट समजायला विद्यापीठांना पिढ्या लागल्या.

मुलींच्या बाजूला या काळात काय चाललं होतं? राणीचा मुकुट आता गल्लीतून थेट लंडनला जाऊ लागला होता. 1966 साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी रीटा फारिया जगत्सुंदरी झाली. माटुंग्यात जन्मलेली, मूळ गोव्याची. आशियातली ती पहिलीच. स्पर्धेला जाताना पोहण्याचा पोशाख तिनं मॉडेल पर्सिस खंबाटाकडून मागून घेतला होता, साडीही उसनी. त्याच वर्षाच्या नाताळात विनोदी नट बॉब होप तिला व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांपुढं घेऊन गेला, आणि भारतात त्यावरून बरीच आरडाओरड झाली. तिनं पुढं मॉडेलिंग आणि सिनेमाच्या वाटेकडं पाठ फिरवली, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिक्षण पुरं केलं आणि डॉक्टर म्हणून आयर्लंडमध्ये राहिली. राणीपद मिळालं ते घेतलं आणि काम आटोपल्यावर खुंटीला टांगून ठेवलं. स्पर्धेच्या विरोधात तिनं कसली घोषणा दिल्याचं कुठं दिसत नाही. पण सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या मुलीनं पुढं काय करायचं याचा जो ठराविक रस्ता होता, तो तिनं सरळ सोडून दिला.

दोनच वर्षांनी, 7 सप्टेंबर 1968 ला, अमेरिकेत अटलांटिक सिटीत ‘मिस अमेरिका’च्या बाहेर बायकांनी निदर्शनं केली आणि एका जिवंत मेंढीला मुकुट घातला. 1970 मध्ये लंडनच्या मिस वर्ल्डमध्ये पिठाचे बाँब फुटले, तेव्हा स्टेजवर होता तोच बॉब होप. या आंदोलनांचा प्रश्न रास्त होता: मोजणार कोण आणि मोजणार काय? पण मुकुट कुणाच्या डोक्यावर बसू शकतो, हा प्रश्न तेव्हा अजून कुणी विचारला नव्हता. निदान कॉलेजात तरी नाही.

तो प्रश्न सिंगापूरच्या रस्त्यावर मात्र रोज रात्री विचारला जात होता. सेम्बावांगच्या तळावरून सुट्टीवर सुटलेले खलाशी शहरात बुगीस स्ट्रीटला जात. पन्नासच्या दशकापासून तिथं मध्यरात्रीनंतर रस्त्यात टेबलं मांडली जायची, बिअर वाहायची आणि एकीहून एक नटलेल्या तृतीयपंथी स्त्रिया त्यातून फेरी मारायच्या. रेशमी झगे, उंच टाचा, डोळ्यांना काजळाची लांब रेघ. फोटो काढायचा तर पैसे मोजायचे. खलाशी बेभान होऊन तिथल्या सार्वजनिक संडासाच्या छपरावर चढायचे आणि कपडे काढून नाचायचे, इतक्या असभ्य नावाचा तो नाच की इथं लिहिण्यात अर्थ नाही. जरा बघा: डेकवर बोळे घालून राणी झालेला पोरगा इथं टेबलाशी बसून खऱ्या राणीकडं टक लावून बघत होता. एकीकडं पोटासाठी रोज रात्री मुकुट मिरवणाऱ्या बायका, दुसरीकडं वर्षातून एकदा गमतीत मुकुट घालणारे पुरुष. इंग्रजी प्रवासवर्णनांत त्या बायकांना चमत्कार म्हणून जागा मिळाली. त्यांचं नाव-गाव विचारण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

1971 हे वर्ष या कहाणीत मला महत्त्वाचं वाटतं. त्या ऑक्टोबरच्या अखेरीला ब्रिटिश सैन्याची सिंगापुरातली कमांड संपली. सेम्बावांगची गोदी त्याआधीच सिंगापूरच्या हाती गेली होती आणि तिथं व्यापारी जहाजं दुरुस्त होऊ लागली होती. आणि त्याच वर्षी 30 जुलैला कांदांग केरबाऊ रुग्णालयात डॉ. एस. शान रत्नम यांनी सिंगापुरातली पहिली लिंगबदल शस्त्रक्रिया केली. खलाशी गेले आणि सरकारी इस्पितळानं बुगीस स्ट्रीटच्या बायकांना गांभीर्यानं घ्यायला सुरुवात केली. 1985 मध्ये भुयारी रेल्वेच्या कामासाठी रस्ता उठवला गेला. नंतर तिथं नवं, धुतलेलं बुगीस स्ट्रीट उभं राहिलं, पर्यटकांसाठी. 1992 मध्ये तिथल्या ‘बूम बूम रूम’मध्ये कुमार नावाचा भारतीय वंशाचा कलावंत साडी-गाऊन घालून सरकारची, शेजाऱ्यांची, सगळ्यांची टर उडवू लागला. तो आजही सिंगापूरचा सगळ्यांत लाडका विनोदवीर आहे. पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवणारं 377अ कलम तिथं संसदेनं नोव्हेंबर 2022 मध्ये रद्द केलं, म्हणजे कुमारला तीस वर्षं टाळ्या मिळाल्यानंतर. विनोदाला परवानगी आधी मिळते आणि माणसाला नंतर, हे इथं तारखांसह दाखवता येतं.

मुकुट कुणाच्या डोक्यावर बसू शकतो, हा प्रश्न कॉलेजात पोचला तो मूळ घरीच. व्हाइटलँड्सनं 1966 पासून मुलगे घ्यायला सुरुवात केली आणि वीस वर्षांनी, 1986 साली, तिथं पहिला ‘मे किंग’ निवडला गेला. मुलींनी आणि मुलांनी मतं दिली, मुलगा जिंकला. फार आदळआपट झाली नाही. पुरुष राणीच्या गादीवर आला की त्याला राजा म्हणून मोकळं व्हायचं, ही सोय होती.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ही सोय 2009 मध्ये चालली नाही. जॉर्ज मेसन विद्यापीठात ‘मिस मेसन’च्या स्पर्धेत एका समलिंगी विद्यार्थ्यानं ड्रॅगमध्ये, म्हणजे पूर्ण स्त्रीवेशात, भाग घेतला आणि तो जिंकला. मुकुट घातला गेला तो हाउसफुल्ल बास्केटबॉल सामन्यात. सुरुवातीला आपण हे मजेखातर केलं, असं तो विद्यार्थी सांगत होता. पण निकाल लागल्यावर त्यातली मजा उडून गेली. काही विद्यार्थी म्हणाले, आमच्या विद्यापीठाची नाचक्की झाली. विद्यापीठानं मात्र निकाल फिरवला नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच राज्यातल्या ‘विल्यम अँड मेरी’ या 1693 सालच्या कॉलेजानं ‘होमकमिंग क्वीन’, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची राणी, म्हणून जिला निवडलं ती व्यक्ती स्वतःला स्त्री किंवा पुरुष अशा कुठल्याच कप्प्यात बसवत नव्हती. इथं तर मजेचा बहाणाही नव्हता. मतं मोजली, नाव जाहीर केलं, मिरवणूक निघाली.

दोन्ही ठिकाणी निर्णय परीक्षकांनी नाही, विद्यार्थ्यांनी घेतला, ही गोष्ट बातम्यांच्या गदारोळात मागं पडली. मला ती मोठी वाटते. रस्किनचं पहिलं कलम सव्वाशे वर्षांनी असं परत आलं. परीक्षकांपुढं नियमावली असते. मत देणाऱ्यापुढं माणूस असतो.

आपल्याकडं मुकुट तिथवर पोचलेला नाही. साडी पोचली आहे. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये दरवर्षी ‘टाय अँड साडी डे’ असतो. मुलांनी टाय लावायचा, मुलींनी साडी नेसायची. जानेवारी 2020 च्या सुरुवातीला तिघा मुलांनी साड्या नेसल्या आणि कॉलेजात आले. स्टेजवरच्या प्रहसनासाठी नाही आणि कुणाच्या जबरदस्तीनंही नाही. नेसणं जमेना तेव्हा मैत्रिणीनं मदत केली. निऱ्या सुटू नयेत म्हणून जिना चढताना त्या पुढून उचलून धरायच्या असतात, पायाचं पाऊल एरवीपेक्षा छोटं पडतं आणि पदर खांद्यावर ठरत नाही, हे बघून कळत नाही, नेसल्यावरच कळतं. कुठले कपडे कुणाचे हे ठरवलं कुणी, एवढाच त्यांचा प्रश्न होता. वृत्तसंस्थांनी फोटो टाकले. समाजमाध्यमांवर कौतुक झालं आणि नेहमीची टवाळीही झाली.

ते कॉलेज फर्ग्युसन होतं याचं मला अप्रूप वाटतं. 1892 ते 1895 या काळात गोपाळ गणेश आगरकर तिथं प्राचार्य होते. ‘स्त्रियांनी जाकिटें घातलींच पाहिजेत’ असा निबंध लिहिणारे आगरकर. कपड्यांवरून पुण्याशी भांडायची त्या आवाराला सवय आहे. फरक इतकाच की आगरकर बायकांच्या कपड्यांबद्दल बोलत होते, आणि पुढची सव्वाशे वर्षं आपण सगळेच तेवढ्यावर थांबलो. मुलीनं पँट घातली, शर्ट घातला, केस कापले, बुलेट चालवली. आधी कुरकुर झाली, मग सवय झाली. पुरुषाच्या कपड्यांना हात लावायला कुणी सुधारक आला नाही. मुलीनं मुलासारखं होणं ही बढती, मुलानं मुलीसारखं होणं ही घसरण, हा हिशेब आपल्या मनात पक्का आहे. म्हणून ‘टाय अँड साडी डे’ला मुलगी टाय लावून आली तर कुणी फोटोग्राफर धावणार नाही.

कॉलेजबाहेर मात्र मुकुटाची नवी शाखा फुटली आहे. मुंबईचा सुशांत दिवगीकर 2014 साली ‘मिस्टर गे इंडिया’ झाला. 2018 मध्ये ‘सा रे ग म प’च्या मंचावर तोच ‘रानी को-हे-नूर’ म्हणून साडी-दागिन्यांत उभा राहिला आणि पुरुषाच्या नि बाईच्या अशा दोन्ही आवाजांत गायला. मिस्टरचा पट्टाही त्याचा आणि राणी हे नावही त्याचंच. लोकांनी ते नवं म्हणून पाहिलं. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात ते नवं वाटावं, यात मला गेल्या शतकाचा सगळा तोटा दिसतो. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’मध्ये शाळा-कॉलेजातल्या दिवसांबद्दल सांगितलं आहे. ते वाचलं की शेलापागोट्यांच्या त्या हसऱ्या आठवणींची दुसरी बाजू कळते.

कायदा या मधल्या काळात पुढं गेला. एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली, सप्टेंबर 2018 मध्ये 377 कलमाचा फास काढला, आणि फर्ग्युसनच्या त्या साडीदिवसानंतर काही दिवसांतच, 10 जानेवारी 2020 ला, तृतीयपंथी हक्कांचा कायदा लागू झाला. प्रवेशअर्जावर ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’च्या पुढं तिसरा रकाना आला. गॅदरिंगच्या फलकावर मात्र बहुतेक ठिकाणी दोनच नावं नोंदवता येतात, ‘मिस्टर’ आणि ‘मिस’. तिसऱ्या रकान्यात खूण करून आत आलेल्या विद्यार्थ्यानं यातलं कुठलं निवडायचं, हे कल्चरल सेक्रेटरीला विचारून बघा. तो आधी हसेल. मग म्हणेल, सरांना विचारून सांगतो.